मायच्या गाण्यांचं बियाणं

१९८८ साल, मी सदुसष्ट वर्षांचा. शहापुरात आमच्या शेजारी एक कारकून राहत होता. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहणारा. आपल्या मेलेल्या मायची रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची, गाणी त्यानं घरच्या कॉम्प्युटरात टाइप करून भरली होती. मशीन बिघडलं तर गाणी जातील, म्हणून नक्कल कॅसेटवर घ्यावी की फ्लॉपीच्या चकतीवर, यातच त्याचा महिना गेला. शेवटी फ्लॉपी घेतली, अन् ठेवली मशीनवरच!

शाळा मी दुसरीत सोडली, पण बियाण्यातलं मला कोणी शिकवू नये. म्हटलं, "काहून रे, बियाण्याचं सारं धान एकाच ढोलीत ठेवते का कोणी?"

तो हसला नाही. दुसऱ्या फ्लॉपीवर गाणी उतरवून माझ्या हाती दिली.

"मामाजी, तुमच्यापाशी ठेवा. पण कीड लागते म्हणून राख नोका टाकू हिच्यावर."

शेजारचं घर म्हणजे ढोली एकच, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी करडीला लेकीकडे गेलो अन् फ्लॉपी तिच्या लग्नाच्या लुगड्याच्या घडीत ठेवली. राख टाकली नाही.