परत येण्याचं कारण

आईला आम्ही अक्का म्हणायचो. वडील गेल्यावर ती यावल तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहायची आणि मी बायको-मुलीसह जळगावला. मी शाळेत शिक्षक होतो. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळच्या बसने गावी जायचो, जेवायचो, दुपारी परत. आईला घरी का आणत नाही, असं कोणी विचारलं तर 'तिलाच शहरात करमत नाही' असं सांगायचो. तिला मात्र मी ते कधी विचारलं नव्हतं.

धाकटी बहीण लग्न होऊन परदेशी गेली होती. तिला दिवस गेले आणि तिनं अक्काला बाळंतपणासाठी बोलावलं. आम्ही पासपोर्ट काढला, बहिणीचं पत्र आणि सातबारा घेतला आणि मुंबईला वकिलातीत गेलो. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मी समोरच्या फुटपाथवर थांबलो. रांगेत तिचे तीन तास गेले, खिडकीपाशी पाच मिनिटंही नाहीत. बाहेर आली तेव्हा पासपोर्ट तिच्या हातातच होता. शेवटच्या पानावर शिक्का मारला होता. व्हिसा नाकारला होता.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"मराठी बोलणारी एक बाई व्हती. ती म्हने, घरी कोन कोन असतं? मी म्हटलं, कोन्ही नही, एकलीच राहते."

"असं कशाला सांगितलंस?"

"मंग काय सांगू? एकलीच तर राहते."

परतीच्या गाडीत मी तिच्याशी जळगावपर्यंत बोललो नाही. ती खिडकीशी पासपोर्ट मांडीवर घेऊन बसली होती. मधेच एकदा तिनं विचारलं, "माह्यामुळं झालं का रे?" मी "हो" म्हणालो, तेवढंच.

बहिणीचे सासरे, आबा, धुळ्याला असायचे. कचेरीतून निवृत्त झालेले. ते आणि त्यांची बायको तिकडे जाऊन आले होते, म्हणून सल्ल्याला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद पाहिले आणि बाजूला सारले.

"भाऊ, साहेबाला एकच भीती असते. ही बाई गेली आणि तिकडेच राहिली तर? तिला परत येण्याचं कारण दाखवा. विधवा, एकटी, मुलगी तिकडे. मी साहेब असतो तर मीही दिला नसता."

"मग काय करायचं?"

"काही महिने जाऊ द्या. तिला तुमच्याकडे आणा. रेशनकार्डावर नाव चढवा, सगळ्यांचा एक फोटो काढा, आणि मग पुन्हा अर्ज करा."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "व्हिसा मिळेपर्यंत." तेवढ्यावर ती तयार झाली.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो आणि अक्काला म्हणालो, "चल, जळगावला राहायला." कशासाठी, ते सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं नाही, सांगितलं नाही. ती चुलीपुढे बसली होती. फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे पाहतच राहिली.

"तुह्यी बायको काय म्हने?"

"तीच म्हणाली, घेऊन या."

तिनं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी मी न्यायला गेलो तर शेळी शेजारणीला देऊन टाकलेली, देव फडक्यात बांधलेले, भांड्यांची ट्रंक ओसरीवर. घराची किल्ली तिनं माझ्या चुलतभावाला दिली. आमचं शेत तो वाट्यानं करायचा, त्याला कापूस भरायला जागा हवीच होती. "मले आता काय काम तिचं," ती त्याला म्हणाली. त्याच वेळी मी तिला थांबवायला हवं होतं. पण गावचं घर बंद झालं हे आपल्या कागदांच्या दृष्टीनं बरंच झालं, असं माझ्या मनात आलं.

ती सात महिने आमच्याकडे राहिली. रेशनकार्डावर नाव चढलं. स्टुडिओत जाऊन फोटो काढला. मधल्या खुर्चीत ती, मांडीवर माझी मुलगी, मागे आम्ही दोघं. फोटोग्राफरनं हसायला सांगायच्या आधीच ती हसत होती. मधल्या काळात बहीण बाळंत झाली, मुलगा झाला. आता जायचं ते नातू पाहायला, असं अर्जात लिहिलं.

मुलाखतीच्या आधी महिनाभर, शाळेतून आल्यावर, मी तिची तयारी करून घ्यायचो. ती जमिनीवर, मी खुर्चीत.

"परत का येणार?"

"पोराले माह्यावाचून करमत नही."

"पोराले नाही. मुलाला. माझ्यावाचून. पुन्हा सांग."

"मुलाला माह्या... माझ्यावाचून करमत नाही."

"पदर दातात धरू नको. पुन्हा."

पहिल्या वेळी त्या बाईला तिची बोली व्यवस्थित समजली होती. मलाच ती बोली ऐकवत नव्हती. एकदा अक्का तिसऱ्यांदा चुकली तेव्हा मी फूटपट्टी खुर्चीच्या हातावर आपटली. ती दचकली आणि लगेच ओशाळून हसली, वर्गातल्या मुली हसतात तशी. मुलीनं तो खेळच केला होता. ती साहेब व्हायची आणि विचारायची, "आजी, तू परत का येणार?" तिच्यापुढे अक्का कधी अडखळली नाही. "तुह्यी वेनी कोन घालीन?" म्हणायची.

दुसऱ्यांदा अक्का वकिलातीत गेली आणि तासाभरात बाहेर आली. हात रिकामे. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला होता, म्हणजे व्हिसा मिळाला होता. चार वाजता तो घ्यायला यायचं होतं. मी आनंदानं तिचा हात धरला. आम्ही फुटपाथच्या कठड्यावर बसलो.

"सगळं बराबर सांगलं," ती म्हणाली. "बोलता बोलता मलेच वाटलं, कशाले जायाचं इतक्या दूर? सहा महिने नही राहत मी तठी. पोराले पाहीन आन् महिन्याभरात येईन घरी."

"सहा महिने राहा. तिला मदत होईल."

"आन् तुमचं? पोरीची शाळा, तुह्या बायकोचा स्वयंपाक..."

"आमचं आम्ही करू. आधी करतच होतो."

"तरी मी लवकर येईन."

तेव्हाच मी बोललो. उन्हात बसून डोकं तापलं होतं असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. काम झालं होतं आणि आता खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

"अक्का, आल्यावर तू गावीच राहायचं आहेस. तुला जळगावला आणलं ते व्हिसासाठी. धुळ्याच्या आबांनी तसं सुचवलं होतं."

तिनं विचारलं, "रेशनकारडाचं?"

"तेही त्यासाठीच."

"आन् फोटू?"

समोरून माणसं पासपोर्ट घेऊन येत-जात होती. ती म्हणाली, "म्हंजे मी त्या साहेबासमोर खोटं बोलली."

चार वाजता मी पासपोर्ट आणला. तिनं तो उघडूनही पाहिला नाही.

ती तिकडे गेली आणि पूर्ण सहा महिने राहिली. एसटीडी बूथवरून फोन लावला की बहीण म्हणायची, "अक्काचं काही कळत नाही. दिवसभर बाळाचं सगळं करते, पण बोलत नाही. तिकडे काही झालं का?" मी म्हणायचो, "काही नाही."

ती परत आली तेव्हा मी तिला मुंबईहून थेट जळगावला आणलं. तिच्या कोपऱ्यात आता मुलीचं टेबल होतं. मुलगी धावत आली आणि तिला बिलगली. अक्कानं तिला तिकडून आणलेली बाहुली दिली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "यावलची बस किती वाजता आहे?" बायको म्हणाली, "आजचा दिवस राहा ना." अक्का म्हणाली, "नको व बाई."

गावच्या घरात आढ्यापर्यंत कापूस होता. चुलतभाऊ ओशाळला, "मले काय माहीत अक्का इतक्यात येईन," म्हणाला आणि गडी लावून घर मोकळं करू लागला. ती ट्रंकेवर अंगणात बसली. तिच्या केसांत, लुगड्यावर कापसाचे तंतू येऊन बसत होते. ते तिनं झटकले नाहीत. शेजारीण चहा घेऊन आली. दावणीची शेळी अक्काला ओळखून ओरडत होती, पण आता ती शेजारणीची होती.

"थांबू का?" मी विचारलं.

"नको. तुले शाया असीन उद्या."

शाळेला सुट्टी लागली होती. मी निघालो.

पुढे सहा वर्षं ती तिथं जगली. मी दिवाळीला जायचो तेव्हा ती पुरणपोळी करायची, नातीचं विचारायची, बहिणीची पत्रं वाचून घ्यायची. आमच्या घरी मात्र ती पुन्हा आली नाही. शेवटच्या दोन वर्षांत ती डोळे दाखवायला जळगावला येत असे, शेजारणीला सोबत घेऊन, दुपारच्या बसने परत. दवाखाना आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता. हे मला तिच्या दहाव्याला शेजारणीनं सांगितलं.