पासपोर्टपाशी बसलेल्या आई

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसखालच्या फूड सेंटरमध्ये जेवणाच्या रांगेत उभी होते. पलीकडून अजय, माझा नवरा, म्हणाला, "नाशिकहून मामाचा फोन होता. आई गेली... झोपेतच." आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? पुढच्या महिन्यात आम्ही दोघं कामासाठी बाहेर असू तेव्हा आमच्या लेकीजवळ, इराजवळ, कोण राहील. लिहायला लाज वाटते, पण दीड महिन्यानंतर खोटं तरी कशाला लिहू. आई म्हणजे माझ्या सासूबाई. इरा सहा महिन्यांची असताना तिला सांभाळायला म्हणून सिंगापूरला आल्या, आणि आल्या त्या आमच्याच झाल्या. आधी हौगांगच्या लहान फ्लॅटमध्ये, मग बुकित तिमाहच्या कॉन्डोत. भाचीच्या लग्नासाठी माहेरी गेल्या होत्या, तिथेच संपलं सगळं.

इथल्या मराठी मंडळींनी आमच्या घरी छोटी शोकसभा घेतली. जो तो उठून एकच म्हणत होता, "काकू किती निरपेक्ष होत्या." मी मान डोलवत होते आणि आतून संताप येत होता. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. अहो, निरपेक्ष कसल्या? त्यांना काय हवंय हे सतरा वर्षांत कुणी विचारलं होतं का? न विचारता माणसाला देव्हाऱ्यात बसवलं की आपलं काम भागतं. बुडापेस्टच्या त्या दुपारीही मी तेच केलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेरा वर्षांच्या इराला आणि आईंना घेऊन आम्ही युरोपला जायचं ठरवलं. बुडापेस्ट घातलं ते आईंच्या गुडघ्यांसाठी, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं, जुनी स्नानगृहं आहेत, दुखणाऱ्या सांध्यांना फार चांगलं म्हणतात. आई खुलल्या होत्या. त्यांच्या आजोळच्या माणसांबरोबर लहानपणी त्या वज्रेश्वरीला जायच्या, तिथल्या गरम कुंडात पाय सोडून बसायच्या. "बाहेर काढलं की पाय लालबुंद, गाजरासारखे," असं सांगून हसायच्या. डोळ्यांसमोर ते कुंड असताना त्यांना बुडापेस्टचं काय अप्रूप, असं मला वाटलं होतं. माझं चुकलं. त्या दिवस मोजत होत्या.

ते स्नानगृह फार देखणं होतं. उंच घुमट, त्यातून झिरपणारा उजेड, खाली हिरवट पाण्याचं कुंड आणि सगळीकडे वाफ. आईंच्या वयाच्या, त्यांच्याहून जाड, त्यांच्याहून लंगडणाऱ्या बायका कठडा धरून सावकाश उतरत होत्या आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून निवांत गप्पा मारत होत्या. आमच्या चौघांच्याही मनगटांवर लॉकर उघडायचे पट्टे होते. आईंचंही तिकीट काढलं होतं. पण अजय म्हणाला, "पासपोर्ट लॉकरमध्ये नकोत बाबा. कुणीतरी सामानापाशी बसायला हवं." लग्नकार्य असो, स्टेशन असो, की समुद्रकिनारा, आमच्या घरात हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि कोण बसणार हे कधी ठरवावं लागत नाही. आई म्हणाल्या, "मी बसते. तुम्ही जा." अजयनं पासपोर्टची काळी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये टेबल धरून ठेवायला हाच माणूस हजार डॉलरचा फोन टेबलावर टाकून खुशाल जेवण आणायला जातो!

दोन तास आम्ही पाण्यात होतो. मधे एकदा मी वर आले, तर आई भिंतीजवळच्या बाकावर घामाने थबथबल्या होत्या. पंजाबी ड्रेस, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर. म्हटलं, "आई, एवढ्या वाफेत स्वेटर कशाला? काढा की." म्हणाल्या, "असू दे गं." मग म्हणाल्या, "पाणी कसं आहे?" मी म्हटलं, "मस्त!" आणि परत आत गेले. एवढंच उत्तर दिलं मी. मस्त.

परवा त्यांची खोली आवरायला घेतली. कपाटात साड्यांच्या तळाशी एक पोहण्याचा पोशाख निघाला, काळा, अंगभर, इथल्या मलाय बायका घालतात तसा. मला वाटलं इराचा असेल, म्हणून तिला हाक मारली. तो हातात घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली. तिनं सांगितलं, ट्रिपच्या आधी आजी तिला बसने हौगांगच्या जुन्या मार्केटमध्ये घेऊन गेली होती. अंग दिसायला नको, सुनेला ओशाळं वाटायला नको, म्हणून हा निवडला होता. तीन दुकानं फिरून.

"मग नेला नाही का बुडापेस्टला?" मी विचारलं.

"ममा, शी वॉज वेअरिंग इट. इनसाइड. मीच हॉटेलमध्ये झिप लावून दिली," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठीत म्हणाली.

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"आजी सेड डोन्ट टेल, लाह. म्हणाली, तुझी आई येईल ना, म्हणेल आता तुम्ही जा, मी बसते. देन आय विल सरप्राइज हर." इरा रडायला लागली. "अँड देन यू केम. मला वाटलं, तेच सांगायला आलीस."

मी तिला जवळ घेतलं. तेरा वर्षांच्या पोरीला जे दिसत होतं ते मला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मी बाकावर बसले असते का, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. अजयला सांगितलं तर तो म्हणाला, "आईने नुसतं म्हणायचं तरी." दोष पुन्हा त्यांचाच. मी भांडले नाही. मीही मनात तेच म्हणून पाहिलं होतं.

तेव्हापासून मला त्या संध्याकाळचं हॉटेल आठवतं. परत आल्या आल्या आई बाथरूममध्ये गेल्या आणि खूप वेळ बाहेर येईनात. घामाने अंगाला चिकटलेला तो घट्ट पोशाख, त्यातून न वाकणारे गुडघे सोडवायचे, मागची झिप हाताला येत नसणार, आणि इराला हाक मारावी तर आम्हाला सगळं कळणार. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला भूक लागली होती. मी दार वाजवून म्हणाले, "आई, आटपा लवकर. सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत."

"आलेच गं," आतून आवाज आला, "तुम्ही व्हा पुढे."

आणि आम्ही पुढे झालो.