आईचं रक्त न्यायला येणारी

आईच्या शेवटच्या आठवड्यात नगरच्या दवाखान्यात रोज सकाळी एक बाई तिचं रक्त न्यायला यायची. आईच्या रक्तात बुरशी झाली होती आणि औषधं लागू पडत नव्हती. बाई सुईआधी बेशुद्ध आईचा हात चोळून ऊब आणायची.

शेवगावच्या बाजारात अडतेसुद्धा माझ्या आवाजाला दबकतात. मी तिच्यावरही ओरडलो, "आई पाय मोडला म्हणून आल्ती! बुरशी तुमच्याच दवाखान्यातली!"

डॉक्टर हे मान्यच करत नव्हते. ती म्हणाली, "व्हय दादा, हितलीच हाय. ह्या रक्तातली बुरशी कुठल्या औषधानं मरती ते बघतोय. शेजारच्या खाटांवरच्यांना तरी येळेवर देता यील."

मला हीच कबुली हवी होती. ती मिळाली, पण आईचं काय, हे विचारायचा धीर झाला नाही.