ताईच्या वाट्याचं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच बहुधा जीभ उचलते आहे. तरी अडखळेन. सांभाळून घ्या.

कुसुमताई माझी मोठी बहीण. आम्ही उमरेडचे, घरात हातमाग. माय मागावर बसायची तेव्हा मला ताईनंच कडेवर वागवलं. तिचं लग्न नागपुरात झालं, तांडापेठेतल्या विणकरांच्याच घरात. सासू, दीर, जावा, पोरंबाळं — मोठं खटलं होतं. पुढे मी मॅट्रिक होऊन नागपुरात कॉलेजात आलो आणि महाल भागात दोन मित्रांबरोबर खोली करून राहू लागलो. शनिवारी गावी जायचो, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण लग्नसराईची लुगडी मागावर होती, कांड्यांवर सूत भरायला ताईचे हात हवे होते. सासूनं निरोप धाडला, "दवाखाना नागपुरातच हाय, उमरेडले काहून पाठवायची?" ऐकायला शहाणपणाचंच होतं, नाही का?

मायला मात्र त्या घरची पंगत माहीत होती. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, मग थोरल्या जावा. धाकट्या सुनेच्या वाट्याला टोपल्यात उरेल ते. बरेचदा एखादी भाकर आणि तिखट. म्हणून मायनं आपली वाट काढली. दर आठवड्याला ती माझ्या पिशवीत ताईसाठी खाणं भरून द्यायची — घरच्या कोंबड्यांची उकडलेली अंडी, फुटाणे, तुपाची लहान बरणी, आणि शेंगदाण्याचे गूळ घातलेले लाडू. लाडवांत मूठभर तीळ.

"तुया हातानं दे, बाबू," ती म्हणायची. "तिच्या पोटात गेलं पायजे."

पहिल्या खेपेला मी घरी घेऊन गेलो. बरोबर माझा खोलीतला मित्र होता. सासूनं पिशवी माझ्या हातून घेतली, अंगणात सगळ्यांसमोर उपसली आणि लाडू पोरांना वाटून टाकले. मग मला म्हणाली, "काहून गा बाबू, तुया बहिणीले आमी उपाशी ठेवून राहिलो का? गावातून पिशव्या घेऊन येतं ते?" मागावर बसलेले दीर हसले. माझा मित्रही हसला. ताई दारात उभी होती, तिच्या हाती एकही लाडू आला नाही.

ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नको. पण आता घरात देऊ नको. दुपारच्याले मी नळावर येते पाण्याले, तिथंच देत जा. मी तिथंच खाऊन घेईन."

म्हणजे बघा — वाट होती. तिनं स्वतःच काढून दिली होती. 

दोन-तीनदा मी गेलो. ती नळाच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून खायची. अंडं सोलायलाही दम नसायचा तिला, टरफलाचा तुकडा तसाच दाताखाली जायचा. एवढी भूक मी घरात कधी पाहिली नव्हती. मला दया यायला हवी होती, खरं ना? मला लाज वाटायची. नळावरच्या बायका बघायच्या. मी टेरिलिनचा शर्ट घातलेला कॉलेजातला पोरगा, आणि माझी बहीण रस्त्यात उभी राहून घाईघाईनं घास कोंबते आहे.

अशाच एका दुपारी वर्गातला एक जण सायकलवरून चालला होता. थांबला. ताईकडे बघून त्यानं विचारलं, "कोण रे?"

मी म्हणालो, "आमच्या गावची बाई आहे एक."

तो गेला. ताईनं ऐकलं होतं. तिनं तोंडातला घास गिळला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि घागर उचलली. म्हणाली, "येते." बस, एवढंच.

सांगायचं ते हे नव्हे. ते यापुढचं आहे.

त्यानंतरच्या सोमवारी पिशवी घेऊन मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. सायकलीच्या दुकानाशी थांबलो. तिथून नळ दिसायचा. ताई आली होती. पोट चांगलंच पुढे आलेलं, हात काड्यांसारखे. तिची घागर भरली. तिनं रस्त्याकडे पाहिलं. मग ती घागर ओतून दिली आणि पुन्हा नळाखाली लावली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. मागच्या बाया आपापलं पाणी भरून गेल्या — ती तिथंच. नुसतं उभं राहिलं तर कुणी विचारेल, म्हणून ती पाणी भरत होती. माझी वाट बघायला तिला निमित्त लागत होतं.

मी वळलो आणि खोलीवर गेलो. दुपारी आम्ही तिघांनी ती अंडी खाल्ली. मीठ लावून. मित्र म्हणाला, "तुझ्या मायच्या हाताला चव आहे बरं."

त्यानंतर मी गेलोच नाही. पिशवी मात्र दर आठवड्याला येत राहिली. मी गावी गेलो की माय ओसरीतच विचारायची, "खाल्लं का तिनं?" मी म्हणायचो, "हो, समोरच खाल्लं." "अंगावर आली का जराशी?" "आली ना." मायचा चेहरा असा फुलायचा — तो चेहरा बघून तरी माझं तोंड अडायला नको होतं? नाही अडलं. खोटं बोलणं पहिल्यांदाच जड जातं, हे मी तेव्हा शिकलो.

ताई दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी. मी आणि माय दवाखान्यात पोचलो तेव्हा ती कापसात गुंडाळलेली होती. तळव्यावर मावेल एवढी. रडली की मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज यायचा. ताईच्या अंगावर दूध येत नव्हतं. नर्सबाई तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघत होती. आमच्याकडे वळून रागानं म्हणाली, "अंगात रक्तच नाही हिच्या. इतके महिने पोटात काही गेलंच नाही का?"

माय पुढे झाली. "गेलं ना बाई. मी दर हप्त्याले पाठवलं. अंडी पाठवली, लाडू पाठवले. विचारा माया पोराले, त्याच्या हातानं पाठवलं."

नर्सबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाटेकडे पाहिलं. ताई माझ्याकडेच बघत होती. तिला त्या क्षणी कळलं — पिशवी दर आठवड्याला येत होती. माहेर तिला विसरलेलं नव्हतं. काय झालं असेल तिच्या आत? मी ते अजून विचार करून बघतो, आणि मध्येच थांबतो.

ताई म्हणाली, "खाल्लं मी, माय. सगळं खाल्लं."

मुलगी चौथ्या दिवशी गेली. नाव ठेवायचं राहिलं होतं.

वाटलं होतं, इथं संपेल. पण गावी शेजारची एक म्हातारी भेटायला आली आणि मायला विचारू लागली, लेकीला काय काय खायला घातलं होतंस म्हणून. मायनं सगळं सांगितलं. तीळ म्हणताच म्हातारी थबकली. "पोटुशीले तीळ? गरम पडले असतील वं."

ती गेल्यावर माय कितीतरी वेळ चुलीपुढे बसून राहिली. मग मला म्हणाली, "बाबू, मूठभरच तर टाकत होती मी. मूठभरानं होते का असं?"

सांगायचं होतं मला — माय, सुरुवातीच्या दोन-तीन खेपा सोडल्या तर त्यातला एक तीळ तिच्या पोटात गेला नाही. मी खाल्ले ते. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "काय माहीत."

त्या दोन शब्दांवर मायनं पुढची सगळी वर्षं काढली. तिनं तिळाला पुन्हा हात लावला नाही. संक्रांतीला शेजारणी आल्या की आत जाऊन बसायची. पुढे माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा ती लांबून सगळं बघायची, पण एक पदार्थ करून घातला नाही. "माया हातचं नको," म्हणायची. बायकोला वाटलं, सासूला आपलं कौतुक नाही. मी तेही वाटू दिलं.

ताईला नंतर दोन मुलगे झाले. भाऊबीजेला मी जात होतो, ती ओवाळत होती. तिनं मला कधी काही विचारलं नाही. मायच्या मनातलं तिच्या कानावर जाणार नाही, एवढी काळजी मात्र मी घेतली.

मग माय अंथरुणाला खिळली. ताई तिच्या उशाशी येऊन राहिली. एका सकाळी मी पायथ्याशी बसलो होतो. मायनं ताईचा हात धरला आणि म्हणाली, "कुसुम, मले माफ कर वं. तुयी पोरगी माया हातच्या तिळानं गेली."

ताईला काही उमजेना. तिनं विचारलं, "कोणते तीळ, माय?"

"लाडवातले. मी पाठवत होती ते."

ताईनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. वाट बघत होती ती — बोलायची जागा तिनं माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. माय शुद्धीवर होती. तिला ऐकू येत होतं.

मी उठलो. "औषध संपलंय, घेऊन येतो," म्हणालो, आणि बाहेर पडलो.

औषध संपलेलं नव्हतं. मी चौकात उगाच उभा राहिलो. परत आलो तेव्हा मायला झोप लागली होती. ताई तिचे पाय चेपत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगितलं तिले, का तिळानं काही होत नाही म्हणून."

"मग?"

"तिले नाही पटलं."

त्याच आठवड्यात माय गेली.