आडवं जायला पाहिजे होतं

शाळा माझी दुसरीतच सुटली, पण आमच्या येळ्ळूरच्या शिवारातली एकेक विहीर मला पाठ होती. कुठं कपार आहे, कुठं पाणी एकदम गार लागतं, कुठं गाळात पाय रुततो, सगळं. कुणाची घागर बुडाली, कुणाची मोटार दोर तुटून तळाला गेली, की बोलावणं मलाच. छातीत वारा भरायचा, सूर मारायचा, तळ चाचपायचा आणि सरळ वर यायचं. दोरी कमरेला बांधून उतरणारा मी न्हवं. गावातली निम्मी पोरं पाठीला भोपळा बांधून माझ्या हातावर पोहायला शिकली. माझा पोरगा त्यातला सगळ्यात चलाख.

तो तेव्हा कारवारच्या खाली एका बेटाजवळ असायचा. पाठीला हवेचा सिलिंडर बांधून टूरिस्ट लोकांना पाण्याखाली नेतो आणि मासे दाखवतो. स्कूबा म्हणतात त्याला. घरी भाताचं रान आहे, विहीर आहे, आई आहे, आणि हा परक्यांचे हात धरून खडकांतनं फिरतो. शिकवलं मी, उपयोग दुसऱ्याला.

त्याला घेऊन यायचं म्हणून मी गेलतो. दोन दिवस त्याच्या खोलीत बसून तेच तेच बोललो. शेवटी तो म्हणाला, “आप्पा, एकदा पाण्याखाली येऊन तर बघा, मग बोला.”

“येतो की. पण तुझ्या हाताबिगर वर आलो, तर तू गाशा गुंडाळून माझ्याबरोबर यायचं.”

“आणि न्हाय जमलं तर?”

“तर जन्मात तुला परत ये म्हणणार न्हाय. शब्द हाय माझा.”

तो हसला. “शब्दबिब्द कशाला मधी, आप्पा?”

मी हसलो नाही.

माझं वय बघून बोटीचा मालक अडून बसला. डॉक्टरचा कागद आणा म्हणाला. तोही आणला.

बोटीवर पोरानं सगळ्यांना समोर बसवून हिंदीत सांगितलं, मग माझ्यासाठी मराठीत. “खाली ट्रिगर म्हणून एक मासा हाय. सध्या त्याची अंडी हायत. अंडी राखताना तो कुणालाच सोडत न्हाय, चावतोय. त्याची हद्द नरसाळ्यासारखी असतीय, तळाला बारकी आणि वर रुंद. म्हणून तो आला तर वर पळायचं न्हाय, वर सगळी त्याचीच हद्द. पाय त्याच्याकडं करायचे आणि आडवं सरकायचं. आणि श्वास कोंडायचा न्हाय. कोंडून वर आलासा तर छाती फुटंल. आप्पा, ऐकतायसा न्हवं?”

“कुणाला शिकवतोस रं?” मी म्हणालो. सगळी बोट हसली. पोरगा तेवढा हसला नाही.

खाली गेलो. तीन परस, म्हणजे तीन माणसं उभी बुडतील एवढं पाणी असंल. विहिरीत तळाला गेलं की अंधार, इथं सगळा उजेड. पिवळे, निळे मासे माझ्या काचेसमोरनं जात होते. पोरगा बोटानं एकेक दाखवत होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

मग तो मासा आला. कोपरापासनं बोटापर्यंत लांब, जाड, आणि दात माणसासारखे. अंगावर एक डोळा रोखून तिरका झाला. पाठीवरचा काटा उभा केला. कुत्र्यावर उगारतात तसा मी हात उगारला. तो सरळ पायावर आला आणि पायातल्या रबरी पंखाचा लचका तोडला.

पोरगा हातानं आडवं, आडवं म्हणून खुणावत होता. दिसत होतं मला. पण विहिरीत आडवं कुठं असतंय? आडवं गेलं की दगडी बांधकाम. जिवावर आलं की वर, एवढंच अंगाला ठाऊक. मी छाती भरून घेतली, तोंड मिटलं आणि वर निघालो.

मासा माझ्याबरोबर वर आला. कानाला चावला. तेवढ्यात पोरानं माझा कमरेचा पट्टा धरून मला खाली ओढलं, छातीवर बुक्की मारून वारा सोडायला लावला आणि स्वतः मध्ये शिरला. माशानं त्याची पोटरी धरली. तसाच तो मला आडवं ओढत राहिला. पुढं एका जागी मासा थांबला, रेघ मारलेली असल्यासारखा वळला आणि आपल्या अंड्यांकडं गेला.

बोटीवर त्याच्या पोटरीतनं रक्त येत होतं. एका बाईनं त्याला विचारलं, “पहिल्यांदाच आलेत का हे?” तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “व्हय. त्यांना पाण्याची सवय न्हाय.”

त्या बाईला काय सांगणार? मला पाण्याची सवय न्हाय! मालकानं माझ्या अंगावर टॉवेल टाकला. “साकु, अज्जा.” पुरे झालं म्हणाला.

पैजेचं पोरानं तोंडातनं काढलं नाही. एसटीत बसवून दिलं, खिडकीतनं पाण्याची बाटली दिली. मीही काढलं नाही. गरजच काय? हरलो होतो.

पुढं गणपतीला तो आला. पोटरीवर चंद्रकोरीसारखा व्रण. आमच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी बसलीय. गावची पोरं बेळगावात टाकीत पोहायला शिकतात, शिट्टीच्या तालावर. जायच्या दिवशी बॅग भरून तो त्या जाळीवर येऊन बसला. मी शेजारी.

“आप्पा, मालक बोट विकतोय,” तो म्हणाला. “दुसरीकडं बोलवाय लागल्यात मला. अजून होकार दिला न्हाय.” आणि माझ्याकडं बघत राहिला. “तुमचं काय म्हणणं?”

“माझं काय म्हणणं असणार? तुझं तू बघ.”

तो उठला, पँटवरचा गंज झाडला आणि गेला. आता अंदमानात असतो.

त्याची आई सगळं ऐकत गोठ्याच्या दाराशी उभी होती. “मासाबी अंडी फुटली की हद्द सोडून जातोय म्हणं,” ती म्हणाली. “तुमचं कवा फुटायचं?”

तिला काय कळतंय. शब्द मी दिला होता, तिनं नाही.

फोन येतो त्याचा. जेवण, पाऊस, भात, सगळं बोलतो आम्ही. शेवटी तो थोडा थांबतो. मीही थांबतो. मग तो म्हणतो, “ठेवू?” आणि मी म्हणतो, “ठेव.”