उसन्या दिलेल्या सहा गोळ्या

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकते, अक्षरही वाकडे आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागितली की पुढचे लिहायला जरा बळ येते.

आमच्या ह्यांच्या पायात तुरीचे खुंट घुसले आणि पाय चिघळला. अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस सलाइनमधून औषध चालले. घरी सोडताना नर्सबाईने चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक. मला वाचायला वेळ लागतो हे तिने ओळखले. पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिला. "ताप उतरला तरी एकही चुकवू नका," म्हणाली. मी मान हलवली.

आठव्या दिवशी हे वावरात चक्कर मारून आले. त्या रात्रीची सोडून बारा गोळ्या उरल्या होत्या. त्याच संध्याकाळी शेजारीण आली. तिच्या पोरीच्या काखेत गळू झाले होते.

"वहिनी, भाऊ त हिंडून-फिरून राह्यले. त्याईले आता गोया कायले? माह्या पोरीले सहा दे. पैसे देतो न बाप्पा."

मी पाकीट पदराखाली सरकवले.

"साखर मांगतली त वाटी भरून देते, अन् गोया लपवते का?"

आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. त्यात मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. कात्रीने सहा गोळ्या कापून दिल्या. बाजाराच्या दिवशी मंगरूळपीरहून तशाच आणू असे ठरवले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली, ती घरी राहिली होती. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन निघाले, तर हे म्हणाले, "राहू दे. मी बरा आहो."

पंधरा दिवसांत पाय पुन्हा सुजला, हुडहुडी भरली. पुन्हा अकोल्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हो साहेब, सगळ्या."

माझ्याकडे पाहिलेही नाही. मी नर्सबाईला तरी सांगायला हवे होते. तिच्या टेबलापर्यंत गेले आणि पाणी मागून परत आले. पाचव्या दिवशी हे गेले. त्या सहा गोळ्या असत्या तर वाचले असते का, हे मी अजून कोणाला विचारलेले नाही.

शेजारणीला यातले काही माहीत नाही. निंदणाची मजुरी मिळाली की दहा-वीस रुपये आणून द्यायची. मी नको म्हणायची, ती चुलीजवळ ठेवून जायची. काल शेवटचे वीस घेऊन आली.

"घे वहिनी. भाऊच्या औषधाचा पैसा मी बुडवत नसतो."

मी हात पुढे केला. तिचे सगळे पैसे फिटले.