यंत्रात नसलेली चाळीस पुस्तकं

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजनं मला मुलाखतींना तज्ज्ञ म्हणून बोलावलं. ग्रंथालय सहायकाची एकच जागा होती आणि अट होती संगणकावरच्या कामाच्या अनुभवाची. आमच्या साताऱ्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात संगणक येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि म्हणे मी तज्ज्ञ. तरी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

शेवटी दोघंच उरले. वीरधवल हा संस्थेचे सचिव नानासो यांचा भाचा. शालन मूळची दहिवडीची. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन विट्यात खोली करून राहिलेली, तीन वर्षं याच कॉलेजात रोजंदारीवर. जूनमध्ये तिची वयाची मर्यादा संपत होती. "ही जागा गेली तर मला दुसरी न्हाई, सर," असं तिनं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. मला ते ऐकवेना.

दोघांचं म्हणणं एकच होतं, इथली अकरा हजार पुस्तकं संगणकात मीच चढवली. वीरधवलकडे शिक्का मारलेला दाखला होता. रोजंदारीवाल्यांना दाखला देत नसत, म्हणून शालनचे हात रिकामे.

मला हुशारी दाखवायची खुमखुमी. मी दोघांना एकच प्रश्न टाकला, "या कामात तुमच्या हातून चूक काय झाली?"

"एकही नाही," वीरधवल म्हणाला.

शालननं मान खाली घातली. "झालीया, सर. रजिस्टरची दोन पानं चिकटलेली, माज्या ध्यानात आलं न्हाई. सहा हजार एकशे एकवीसपासनं चाळीस पुस्तकं राहिली. कपाटात हायत, यंत्रात न्हाईत. कळलं तवा काम संपलं हुतं. लय इनवण्या केल्या, पण परत हात लावू दिला न्हाई."

मी संगणकावर पाहिलं. सहा हजार एकशे विसाच्या पुढं थेट एकशे एकसष्ट. रजिस्टर मागवलं, तर पानं अजून चिकटलेलीच. काम कुणी केलं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मला वाटलं, बाई तरली.

दोघं बाहेर गेल्यावर मुलाखतीला बसलेल्या नानासोंनी चहा सांगितला आणि लिहून घेतलं, 'उमेदवाराने कामात चूक केल्याचे स्वतः मान्य केले.' मी तोंड उघडलं तेवढ्यात ते शांतपणे म्हणाले, "तुमचे प्राचार्य आमचे व्याही लागतात, सर." मी सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

एसटी स्टँडवर शालननं मला गाठलं. जागा वीरधवलला गेल्याचं तिला कळलं होतं. डोळे सुजलेले.

"तुमी इचारलंत म्हणून सांगितलं, सर. सांगायला नको हुतं का?"

 तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्या चाळीस पुस्तकांची यादी होती, तिनं कपाटातली पुस्तकं पाहून केलेली.

"निदान येवढी तरी चढवाया सांगा. पोरं शोधत ऱ्हातील."

यादी अजून माझ्याच कपाटात आहे. कॉलेजला द्यायची तर ती कुणी केली ते सांगावं लागलं असतं, आणि सही तर मीच केली होती.